मळ्यातील वस्तीस पहिली बंदूक

गावठाण सोडून मळ्यात राहावयास गेलेली कुटुंबे कोल्हापूर जिल्ह्यात आता गावोगावी आहेत. गुरांची सोय, विहिरीची राखण आणि जाण्यायेण्यात वाचणारा वेळ या तिन्ही गोष्टी वस्तीवर राहिल्याने साधतात, हे खरे. परंतु त्यांबरोबर एक गैरसोयही पदरात पडते. भोवती दोन पुरुष उंचीचा ऊस, शेजारचे घर हाकेच्या पलीकडे, आणि विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे घरचा कर्ता मोटारीवर. अशा वेळी कुत्री भुंकू लागली की घरातील माणसे अंथरुणावर उठून बसतात. शेजारच्या शिवारात चोरी-दरोड्याची बातमी आली म्हणजे "आता एक बंदूक असावी" हे वाक्य घराघरांत बोलले जाते, आणि मग कोणती घ्यावी हा प्रश्न निघतो. घेणाऱ्याने पूर्वी बंदूक हाताळलेली नसते. दुकानदार दाखवील ती, किंवा पाहुणा सांगेल ती, तो घेऊन येतो. अशा गृहस्थांस उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहीत आहो.

बंदुकीच्या आधी करावयाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. दाराला आतून जाड अडसर, खिडक्यांना गज, अंगणात व गोठ्यापाशी दिवा, एक जागते कुत्रे, आणि ११२ या क्रमांकावर व चार शेजाऱ्यांस लागणारा फोन, ही पहिली तयारी होय. ती बंदुकीऐवजी करावयाची असे आमचे म्हणणे नाही. तिच्यावाचून बंदूक निरुपयोगी ठरते, असे म्हणणे आहे. कारण उघड आहे. बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, अशी ती ठेवावी लागते. दोन्ही कुलपे काढून बंदूक भरावयास मिनिट-दोन मिनिटे जातात. तेवढा अवधी देणारे दारच घरास नसेल, तर बंदूक आलेल्याच्याच हाती पडण्याचा संभव अधिक.

आता कायद्याचे पाहू. इंग्रजांनी १८७८ साली केलेल्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य रयतेच्या घरातील बंदूक परवान्याखाली आणली; त्याविरुद्ध राष्ट्रसभेने १८८७ पासून ठराव केले, आणि १९३० साली महात्मा गांधींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी होती, हे आज पुष्कळांस ठाऊकही नसते. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला. तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. त्याखालचे नियम २०१६ साली नव्याने झाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने या अधिनियमाचे तेरावे कलम महत्त्वाचे आहे. ज्या बंदुकीच्या नळीस आतून पेच नाहीत आणि जिची नळी निदान वीस इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर लांब आहे, अशी बंदूक नागरिकाने संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, अथवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अन्य हरकत नसल्यास परवाना द्यावा, अशी त्यात योजना आहे. ठासणीची बंदूक पीकसंरक्षणास पुरेशी नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटल्यास बिनपेचाच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना ते देऊ शकतात. इतर हत्यारांसाठी, म्हणजे रिव्हॉल्वर, पिस्तूल व रायफल यांसाठी, सबळ कारण दाखवावे लागते. पहिल्या बंदुकीची निवड करताना हा फरक प्रथमपासून ध्यानात ठेवावा. पुष्कळ लोक हौसेने रिव्हॉल्वर मागतात आणि वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात.

परवाना आपल्या जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी देतात. त्यापूर्वी पोलिसांकडून चौकशी होते. अर्जदाराचे वय २१ वर्षे पुरे असावे लागते. शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला २०१६ च्या नियमांनी घातला आहे. जमीनजुमला थोडा आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे चौदाव्या कलमात स्पष्ट आहे. म्हणून दोन एकरांचा धनीही दहा एकरांवाल्याइतकाच अर्ज करण्यास पात्र होय. नकार दिल्यास त्याची कारणे सामान्यतः लेखी मिळतात व त्यावर अपील चालते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनांऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका माणसाजवळ तीनांऐवजी दोनच हत्यारे राहू शकतात. वाडवडिलांच्या दोन बंदुका घरात असून तिसरी घ्यावयाची असेल त्याने हे आधी पाहावे.

आता बंदुकीकडे वळू. मळ्याच्या घरास चार प्रकार सुचविले जातात: ठासणीची बंदूक, एकनळी काडतुशी, दुनळी काडतुशी, आणि रायफल अथवा रिव्हॉल्वर. शेवटच्या जोडीचा निकाल आधी लावतो. .३१५ बोअरच्या रायफलीची गोळी मैलाहून अधिक जाते, लहान.२२ ची गोळीदेखील मैलभर जाऊ शकते. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान, वस्त्या जवळजवळ, आणि हंगामात बांधाबांधावर ऊसतोडीवाल्यांची खोपटी. रात्रीच्या अंधारात मैलभर जाणारी गोळी सोडण्याजोगे मोकळे रान या जिल्ह्यात फार थोडे आहे. रिव्हॉल्वरची अडचण निराळी. कमरेला बांधावयास ती सोयीची, पण आखूड नळीने नेम धरणे हे फार सरावाचे काम आहे. घाबरलेल्या, झोपेतून उठलेल्या, वर्षातून एकदाही बार न काढणाऱ्या माणसाकडून दहा पावलांवरही नेम चुकतो. शिवाय लहान वस्तू म्हणून ती उशाखाली जाते, आणि तेथून मुलांच्या हाती. पहिले हत्यार म्हणून आम्ही या दोहोंपैकी कोणतेही सुचवीत नाही.

ठासणीच्या बंदुकीविषयी अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी या डोंगराकडच्या तालुक्यांत पीकसंरक्षणासाठी तिचा विचार प्रथम होतो. तिचे काम सोपे दिसते. नळीच्या तोंडातून मापाची काळी दारू ओतावयाची, त्यावर बोळा ठासावयाचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि मागल्या नळकीवर केप बसवावयाची. घोडा केपेवर पडला की बार होतो. स्वस्त, दुरुस्तीस सोपी, आणि नुसत्या दारूचा, छर्ऱ्यावाचून, बार काढून जनावर हुसकावण्यास उत्तम. परंतु घराच्या रक्षणासाठी ती वाईट, आणि निष्काळजी घरात तर काडतुशीहून धोक्याची. एक बार झाला की पुन्हा भरावयास जाणत्यालाही निदान मिनिट लागते. म्हणून लोक ती भरूनच खुंटीवर टांगतात. आमच्याकडील पावसात दारू ओल धरते. गगनबावड्यास तर वर्षास पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. केप फुटते, बार होत नाही, मालक नळी खाली करून पाहू लागतो, आणि उशिराने पेट घेतलेला बार तेव्हा सुटतो. दुसरा अपघात याहून वाईट. भरलेली आहे हे विसरून पुन्हा भरली जाते आणि दुहेरी दारूने नळी फाटते. यावर जुन्या लोकांची एक युक्ती आहे ती प्रत्येक मालकाने करावी. नळी रिकामी असताना ठासणीचा गज आत सोडावा आणि तोंडापाशी गजावर एक खूण करावी. भरलेली असताना दुसरी खूण करावी. पुढे केव्हाही गज आत सोडून पाहिला की बंदूक भरलेली आहे की नाही हे डोळ्यांस दिसते. केप नुसती काढून ठेवली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे समजू नये.

राहिल्या काडतुशी बंदुका. त्यांत बारा बोअरची घ्यावी, हे आमचे निश्चित मत आहे. बोअरचा आकडा कोठून आला हे सांगितले म्हणजे पुढचा घोटाळा टळेल. नळीच्या पोकळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा केला आणि असे बारा गोळे मिळून एक पौंड भरले, तर ती बारा बोअर. सोळा गोळे लागले तर सोळा बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. बारा बोअरची पोकळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर असते. तिची काडतुसे सर्वत्र मिळतात. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होणारी 'शक्तिमान' काडतुसे या मापाची आहेत. सोळा बोअरची सुबक जुनी बंदूक स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यास पुढे काडतुसांसाठी दुकाने धुंडाळावी लागतात.

एकनळी घ्यावी की दुनळी? पैशाची ओढ असेल तर एकनळी वाईट नाही. ती हलकी, तिच्यात बिघडण्याजोगे थोडे, आणि घरच्या वापरास पुरेशी. पण दोन नळ्यांत दोन काडतुसे राहतात, एक दगा देईल तर दुसरे असते, आणि पहिला बार हवेत जाण्याऐवजी तो काढण्याचा विचार करण्यास धीर राहतो, म्हणून ऐपत असल्यास दुनळी घ्यावी. बाहेर घोडे असलेली की आत घोडे असलेली, हा वाद शिकारी लोकांत जुना आहे. बाहेरच्या घोड्याची बंदूक चढवलेली आहे हे दुरून दिसते, हा तिचा गुण. परंतु बार न करता घोडा खाली सोडताना ओल्या अंगठ्यावरून तो निसटतो, हा तिचा मोठा दोष. आत घोडे असलेली बंदूक मोडून मिटली की आपोआप चढते व तिला सेफ्टीचा खटका असतो. नवशिक्यास दुसरी बरी, मात्र खटक्यावर विश्वास न ठेवता ती सदैव रिकामी ठेवण्याची शिस्त असली पाहिजे.

विकत घेताना ती खांद्याला लावून पाहावी. डोळे मिटून बंदूक खांद्यास लावावी, मान सहज दस्त्यावर टेकवावी आणि डोळे उघडावेत. नळीवरून माशी सरळ दिसली तर दस्ता आपल्या मापाचा. मान ताणावी लागत असेल किंवा अंगठा नाकाला लागत असेल तर ती बंदूक दुसऱ्याची समजावी. वजन तीन ते साडेतीन किलो असावे. फार हलकी बंदूक खांद्यास धक्का देते आणि माणूस चाप ओढतानाच डोळे मिटू लागतो.

जुनी घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यात गैर काही नाही. चांगली ठेवलेली बंदूक तीन पिढ्या चालते. पण पारख करून घ्यावी. नळ्या काढून उजेडाकडे धरून आत पाहावे. आतील प्रकाशाच्या कड्या गोल व अखंड दिसल्या तर नळी सरळ. कोठे वेडीवाकडी छाया पडली तर तेथे पोचा आहे. काळे खड्डे दिसले तर गंजाने पोलाद खाल्ले आहे. नळ्या बोटावर टांगून लाकडाच्या काडीने टिचकी मारावी. घंटेसारखा लांब नाद निघाला तर जोड घट्ट, बद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटलेली. पुढचे लाकूड काढून नळ्या मिटलेल्या स्थितीत हलवाव्या. कडकड वाजल्यास ती बंदूक गुणी कारागिराच्या हाती देण्यापूर्वी वापरू नये. आणखी दोन गोष्टी विशेष जपण्याच्या. नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी रेघ दिसली तर ती लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी होय. ती काळ्या दारूच्या दिवसांतली. आजच्या बिनधुराच्या काडतुसाचा जोर तिला सोसवेलच असे नाही. ती भिंतीवर शोभते, तिने बार काढू नये. दुसरी गोष्ट खजिन्याच्या लांबीची. जुन्या विलायती बंदुकांचा खजिना अडीच इंची असतो. आजची काडतुसे बहुधा पावणेतीन इंची. लांब काडतूस आखूड खजिन्यात जाते, कारण पुढचे टोक उलगडल्यावरच त्याची पुरी लांबी होते. बार होताना तोंड चोंदते आणि दाब भलताच वाढतो. खजिन्याचे माप नळीवर कोरलेले असते. ते वाचल्यावाचून पैसे देऊ नयेत.

काडतुसांचे छर्रे निरनिराळ्या मापांचे असतात. एलजी म्हणजे सर्वांत मोठे, एका औंसास सहा, एसजी आठ, बीबी सुमारे सत्तर, चार नंबरचे सुमारे एकशे सत्तर, सहा नंबरचे दोनशे सत्तर. दुकानात गेलेला प्रत्येक जण एलजी मागतो. आम्हांस हे पसंत नाही. एलजीचा दाणा वर नेम धरून सोडला तर सातशे मीटरांच्या आसपास जातो, बीबीचा तीनशेच्या वर, आणि सहा नंबरचा दोनशेच्या आसपास. पत्र्याची किंवा कुडाची भिंत एलजीला अडवीत नाही. पलीकडच्या खोलीत आपलीच मुले निजलेली असतात. वीट, जांभा किंवा रुंद मातीची भिंत असलेल्या घरासही बीबी पुरे आहे. छर्रे पसरतात म्हणून नेम धरावयास नको, हाही एक प्रचलित गैरसमज. खोलीच्या अंतरावर त्यांचा पुंजका तळहाताएवढाच असतो; नेम रायफलीइतकाच लागतो. परवान्यावर एका वेळी व वर्षात किती काडतुसे घेता येतील हे लिहिलेले असते, त्यातली काही सरावासाठी खर्च करावी. नेमबाजीत आपला जिल्हा मागासलेला नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. कोल्हापुरात दुधाळीचे नेमबाजीचे मैदान आहे. अशा ठिकाणी जाणत्याच्या नजरेखाली पहिले दिवस काढावेत, मळ्यात नारळावर नेम धरून नव्हे.

आता अतिशय महत्त्वाचा प्रश्न, बार केव्हा काढता येतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून चालू झाली. तिच्यातील स्वसंरक्षणाची तत्त्वे जुन्या दंडसंहितेतलीच आहेत. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असता, अथवा जबरी इजेची वाजवी भीती असता, प्रतिकारात समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडणे, राहत्या घरास आग लावणे आणि ज्यात जिवाची भीती वाजवी आहे अशी चोरी वा घरात घुसणे, एवढ्यांनाच हा हक्क लागू होतो. तोही आवश्यक तेवढ्याच बळाचा, आणि पोलिसांची मदत घेण्यास सवड असेल तर नाही. विहिरीवरची मोटार, तांब्याची वायर, उभा ऊस किंवा दावणीचे जनावर घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर बार काढला आणि तो मेला, तर आपण चोर पकडला असे होत नाही. आपल्यावर खुनाचा खटला उभा राहतो. पन्नास हजारांच्या मोटारीपायी घरचा कर्ता दहा वर्षे तुरुंगात, असा हिशेब कोणत्या शेतकऱ्यास परवडेल? उसात काही सळसळले म्हणून त्या आवाजावर बार काढणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. त्या उसात रात्री पाणी पाजणारा शेजारी असतो, तोडीवाल्याचे पोर असते. जे डोळ्यांस दिसत नाही व ओळखू येत नाही त्यावर नळी रोखू नये.

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर मारावयाचे तरी वन खात्याच्या अधिकाऱ्यांची रीतसर लेखी परवानगी हवी. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ साली मुख्यत्वे त्याच्यासाठीच झाले. शिवाय गव्यावर छर्रे झाडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. जखमी गवा वाट पाहून उलटतो. तो शेतात आला तर घरात राहावे, वन खात्यास कळवावे आणि नुकसानीचा पंचनामा लगोलग करून घ्यावा. भरपाई मिळण्याची सोय आहे. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणारांविषयी काय लिहावे? त्या तारेने दरवर्षी माणसे मरतात.

घरी आणल्यावर बंदूक भिंतीत बसविलेल्या लोखंडी कपाटात, मोडून व रिकामी ठेवावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. किल्ल्या मालकाच्या अंगावर. परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याच्याच हातची. धनी गावाला गेला असता मुलाने किंवा गड्याने ती घेऊन राखणीस बसणे गुन्हा आहे. घरात मद्यपी, सदैव भांडणारा, किंवा मन खचलेला कोणी असेल, तर आम्ही त्या घरी बंदूक घेऊच नये म्हणून सांगू. नापिकीच्या व कर्जाच्या वर्षी हाताशी असलेले हत्यार चोरापेक्षा घरच्याच माणसावर चालण्याचे भय अधिक असते. तशा वर्षी ती आपणहून पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येते. वरातीत व पालखीपुढे बार काढण्याची हौस २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास, अथवा दोहोंस, पात्र झाली आहे.

मालक मेल्यावर बंदूक घराण्याची होते, ही समजूतही चुकीची. ती ताबडतोब जमा करावी लागते व वारसाने आपल्या नावे परवाना काढावा लागतो. परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. ती पुष्कळांस ठाऊक नसल्याने चांगल्या बंदुका ठाण्याच्या मालखान्यात गंजत पडतात. निवडणुकीच्या दिवसांत हत्यार जमा करण्याची नोटीस येते, तेव्हा नेताना नळ्यांस आतून तेल लावून न्यावी आणि पावती घ्यावी, पावतीवर बंदुकीचा क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. परत आणल्यावर त्याच दिवशी कोरड्या चिंधीने नळी पुसून उजेडाकडे धरून पाहावी. पावसाळ्यात दर पंधरवड्यास हेच करावे. कपाटात बंदूक कापडी गवसणीत ठेवू नये, ती ओल धरते. काडतुसे फुगून खजिन्यात घट्ट जाऊ लागली तर ती वापरू नयेत, विक्रेत्याकडे परत करावीत.